शाळेतल्या नर्सचा ऑनलाइन कोर्स करू का?

धारणीकडची: बीएस्सी नर्सिंग झालं, एमएनसीचं (महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल) रजिस्ट्रेशन हाय, आता आश्रमशाळेत काम करावं वाटते. अमेरिकेतलं स्कूल नर्सचं ऑनलाइन सर्टिफिकेट दिसलं, फी भरू का?

वॉर्डवाली: थांब बाई, ते तिकडच्या राज्यांसाठी असते, पेनसिल्व्हेनियात आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन अन् डिग्रीवर ते लागतेच, इकडं कोण विचारते? एकलव्य शाळेत (आदिवासी पोरांच्या केंद्राच्या निवासी शाळा) स्टाफ नर्सचं पद असते, त्याची जाहिरात पाय.

गाडीवरची सिस्टर: मी आरबीएसकेच्या, म्हंजे शाळा-अंगणवाडीत जाऊन पोरं तपासणाऱ्या सरकारी टीममध्ये हाय. कोर्सपेक्षा कामाचं शिक. सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) सोल्युबिलिटी टेस्ट पक्की कर, नळीमागं धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या नाई की पॉझिटिव्ह, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी. अन् लोहाची निळी गोळी जेवणानंतरच दे, उपाशीपोटी मळमळते मंग पोरी खिडकीतून फेकतेत बाप्पा!

धारणीकडची: हाव, फी वाचली माही.