लँटर्नफ्लायला पैसे आहेत, लाइमला नाहीत? (झाडं विरुद्ध माणसं, भाग दुसरा)

लेहायव्हॅलीकर
"झाडं मेली तर नवी लावता येतात, माणसं नाही. लँटर्नफ्लाय, ॲश बोररवरची उधळपट्टी थांबवा, तो पैसा लाइमला द्या," असं सायलीताईंनी परवा ठोकून दिलं आणि खाली टाळ्यांचा पाऊस. माझं डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: लँटर्नफ्लाय आणि ॲश बोरर हे अमेरिकेत झाडांवर पडलेले बाहेरचे किडे, लाइम हा गोचिडीच्या चाव्याने होणारा आजार.

ॲश बोरर 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. तेव्हापासून ॲशची कोट्यवधी झाडं वाळली. 2013 मध्ये वनखात्याच्या संशोधकांनी 15 राज्यांचे मृत्यूचे आकडे तपासले, तर बोरर पोचलेल्या काउंट्यांत हृदयविकाराचे 15,080 मृत्यू जास्तीचे निघाले. आणि उधळपट्टी कसली हो? जानेवारी 2021 मध्ये केंद्राने बोररचं क्वारंटाइनच (ॲशच्या लाकडाच्या ने-आणीवरचे निर्बंध) गुंडाळलं. आता बोररला मारणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या सोडून वाट बघत बसलेत.

सायली_एनजे
माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल धन्यवाद. कोणाच्या मृत्यूच्या दाखल्यावर "ॲश वाळल्यामुळे" असं लिहिलेलं नसतं. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली, असं होत नाही.

माझ्या नवऱ्याला लाइम झाला. गुडघा टम्म फुगला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पळणं कमी करा. त्याआधी मांडीवर चट्टा आला होता. पण माहितीपत्रकातला चट्टा गोऱ्या कातडीवरचा, लालभडक, गोलात गोल. आपल्या रंगावर नुसता जांभळट डाग दिसतो. आम्ही कैलास जीवन चोळत बसलो. गोचीड खसखशीएवढी, ती कधी चिकटली कळलंच नाही.

सीडीसीच्याच (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या) अंदाजाने वर्षाला सुमारे 4,76,000 लोकांवर लाइमचे उपचार होतात. माणसांची लस कंपनीने 2002 मध्ये बाजारातून काढून घेतली. आमच्या कुत्र्याला लस मिळाली, नवऱ्याला नाही! आणि 2018 मध्ये कृषी खात्याने पेन्सिल्वेनियाला लँटर्नफ्लायसाठी 1 कोटी 75 लाख डॉलर दिले. जो किडा चावतसुद्धा नाही.

नाशिकचा_नंदू
चावत नाही म्हणे. द्राक्षाच्या वेलीला विचारा. रस शोषतो, खाली चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी, आणि हिवाळ्यानंतर वेल उठतच नाही. बागाईतदाराच्या पोराने हे वाचून गप्प बसायचं?

सायली_एनजे
बसू नका. पण त्याने मोठे ओक-मेपल मरत नाहीत, हे आता सगळेच मान्य करतात. द्राक्षांसाठी विमा असतो.

नाशिकचा_नंदू
विमा! ताई, पीकविमा वेळेवर मिळालेला एक माणूस दाखवा, मी टोपी काढून नमस्कार करतो.

अप्पा_कनेटिकट
मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. हरणं! दिवसाढवळ्या अंगणात उभी राहून होस्टाची रोपं फस्त करतात. सोसायटीत धनुष्यबाणाने शिकारीचा विषय काढला तर बायका रडायला लागल्या. मेनमधल्या मोन्हेगन बेटावर 1990 च्या दशकाच्या अखेरीस सगळी हरणं मारली, गोचीड जवळपास संपली.

रानवेडी
बायका रडल्या? मी असते तर तुम्हाला रडवलं असतं. हरणाकडून गोचिडीला लाइमचा जंतू मिळत नाही, पांढऱ्या पायाच्या उंदराकडून मिळतो.

अप्पा_कनेटिकट
मग उंदीर पाळा. अंडी घालण्याआधी मोठी गोचीड मुख्यतः हरणाचंच रक्त पिते. जरा वाचत जा.

रानवेडी
बेटावर जमलं, चारी बाजूंनी समुद्र होता. तुमच्याकडे शेजारच्या रानातून पंधरवड्यात नवी येतील. आणि ती जपानी बार्बेरीची झुडपं कोणी लावली? हरणं तोंड लावत नाहीत म्हणून नर्सरीतून हौसेने आणायची. तुमच्याच कनेटिकटच्या संशोधकांनी मोजलंय, बार्बेरीखाली दमटपणा टिकतो आणि गोचीड जास्त सापडते.

अप्पा_कनेटिकट
बार्बेरी बायकोने लावलीय. तिच्याशी भांडा, हिंमत असेल तर.

लेहायव्हॅलीकर
धागा कशाचा, चाललंय काय! पण उंदराचं नाव निघालंच आहे तर ऐका. 1998 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलंय: ओकला एकॉर्न (त्याची फळं) भरपूर आले की पुढच्या वर्षी उंदीर माजतात. ते स्पाँजी मॉथ या पतंगाचे कोष खातात, ओक वाचतो. पण त्यांच्याच अंगावर गोचिडी पोसतात, लाइम वाढतो. उंदीर घटले की त्या पतंगाची अळी ओकाचं पानन्‌पान खाते. कुठे झाडांचं खातं संपतं आणि तापाचं सुरू होतं, सांगा? शिवाय कृषी खात्याचं कापलेलं सीडीसीकडे आपोआप जात नाही. दुसरीकडेच कुठेतरी जिरतं.

दोडामार्गवाला
इकडे सिंधुदुर्गात गोचिडीमुळे माकडताप येतो. 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा कळला, आता आमच्या काजूच्या बागांपर्यंत आलाय. लस होती, तीही बंद झाली. काजू वेचायच्या दिवसांत मेलेलं माकड दिसलं की वाडीभर धावपळ. अंगाला तेल फासून बागेत जायचं. झाडं की माणसं, हे आमका कोणी विचारूक येणा नाय. चालू द्या तुमचं.

अप्पा_कनेटिकट
वाईट वाटलं, पण विषय हरणांचा चाललाय.

सायली_एनजे
उंदराचा मुद्दा मान्य, लेहायव्हॅलीकर. सत्कार करू का? बोररचे पैसे ठेवा तुम्ही. लँटर्नफ्लायचे निम्मे तरी सोडा.

नाशिकचा_नंदू
एक छदाम नाही.

अप्पा_कनेटिकट
सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला हरणांचा ठराव मांडतोय. रानवेडीताईंनी येऊ नये.

रानवेडी
झूमची लिंक टाका.