हवा फिरली तेव्हा कॅमेरा कुठे होता? इंदूर, महू आणि घाटातले अनुभव

जुलै उजाडला की आपल्याकडे घरोघरी एकच बेत, "रविवारी पाताळपाणी!" सोमवारी सगळ्यांच्या मोबाईलवर तोच धबधबा, त्याच कठड्यावरून काढलेला. या वेळी तो नको. आपल्या भागातली गाडी, डोंगर किंवा जुनी इमारत टिपताना मध्येच पाऊस, धुकं, ऊन आलं आणि सगळा बेत फिसकटला, असं काही घडलं असेल तर सांगा. फोटो बरा आला की नाही, याची चौकशी होणार नाही.

सुरुवात माझ्यापासून. ऑगस्टमधली सकाळ, होळकरांच्या राजवाड्यासमोर उभा. आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं, त्यापुढे सातमजली दर्शनी भाग नुसता मातकट. वीसेक फोटो काढले, सगळे सारखेच मेलेले. कंटाळून पोहे-जिलबी खायला वळलो आणि सर आली. दहा मिनिटांत थांबली. परतलो तर खालचे तीन दगडी मजले आणि वरचे चार लाकडी, यांच्यातला सांधा डोळ्यांत भरला. भिजलेलं लाकूड काळंभोर झालेलं आणि दगड त्यामानाने उजळ. 1984 च्या आगीत मागचा भाग गेला, समोरचा वाचला. इतकी वर्षं बघून राहिलो आहे, पण दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं, ते त्या दिवशी दिसलं. हाताला जिलबीचा पाक होता, शटरचं बटण अजून चिकट आहे.

– स्नेहलतागंज

पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी डिसेंबर 2018 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मनात होतं. शेवटी पावसाळ्यात योग आला. मोठ्या काचांच्या एसी डब्याची दोन तिकिटं काढली, एक माझं, एक कॅमेऱ्याच्या बॅगेचं म्हणा. वहिनी आणि दहा वर्षांचा पुतण्या साध्या डब्यात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बसा गारव्यात, आम्हाला खिडकी पाहिजे."

गाडी निघाली आणि काच पांढरी व्हायला लागली. रुमालाने पुसली, काही फरक नाही. परत पुसली. मग डोक्यात उजेड पडला. आत गार हवा, बाहेर दमट, म्हणजे वाफ धरत होती बाहेरून! माझा रुमाल आतून काच चकचकीत करत होता. बोगदे आले, गेले. दरी आली असावी, कारण लोक "वा वा" करत एका बाजूला गेले. माझ्याकडे त्या प्रवासाचे चाळीस फोटो आहेत, सगळ्यांत दूध.

कालाकुंडला उतरलो तर पुतण्याने आईचा मोबाईल पुढे केला. वळणावर गाडीचं तोंड, ओली झाडी, ढग रुळांपर्यंत उतरलेला. बोट थोडं आलंय कोपऱ्यात. घरात फ्रेम त्याच फोटोची लागली आहे. तेव्हा ज्यांना फोटो काढायचे असतील त्यांनी उघड्या खिडकीचा डबा धरावा. कॅमेरा मनगटाला बांधा, हात आणि डोकं आत ठेवा.

– सुदामा नगर

वरचं वाचून हसू आलं आणि जरा गलबललंही. आमचं आजोळ अकोल्याचं. लहानपणी मीनाक्षी एक्स्प्रेसने जायचो, तेव्हा हीच मीटरगेज, अरुंद रुळांची, आमची मोठी गाडी होती. परतताना कालाकुंडला मागून एक जास्तीचं इंजिन लागायचं, चढ फार म्हणून. तेवढ्यात फलाटावर पानातला कलाकंद घ्यायचा. वर पाताळपाणीला गाडी थांबली की बायका टंट्यामामाच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाच्या, देवळाकडे हात जोडायच्या. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तिथे तपासतात, हे खूप नंतर कळलं.

बाबांकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटो म्हणजे छत्तीसच, त्यामुळे "आभाळ उघडू दे" हे त्यांचं पालुपद. एकदा मात्र घाटात पाऊस असूनही त्यांनी खिडकीतून बटण दाबलं. वळणावर अख्खी गाडी दिसते आहे आणि शेवटी ते ढकलणारं इंजिन. पण भिंगावर एक थेंब बसला होता, नेमका इंजिनावर. धूर वाटावा असा डाग. बाबा आयुष्यभर हळहळले.

ही लाईन इंदूरपर्यंत यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी. 2023 च्या सुरुवातीला महूहून पुढे जाणारी मीटरगेज ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. आता घाटातल्या जुन्या रुळांवर फक्त ही सहलीची गाडी. बाबांचा फोटो पुतण्याच्या फोटोशेजारी ठेवून बघायला आवडेल मला.

– रामबाग

राजवाडा ओला असतानाच खुलतो, हे मला मान्य नाही. पाऊस हवा कशाला? पांढऱ्या आभाळाला नावं ठेवू नका. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, होळकरांची ती दगडी स्मारकं, घ्या. कडक उन्हात कोरीवकामाच्या खाचा नुसत्या काळ्या येतात, मूर्तीचं नाक कुठे आणि सावली कुठे कळत नाही. ढगाळ दुपारी प्रत्येक फूल सुटं दिसतं. आभाळ फ्रेममध्ये घेऊच नका, झालं. मी तीस वर्षं नकाशे काढले, मला रेघ दिसली पाहिजे.

गांधी हॉलचं मात्र उलट. 1904 ची इमारत, घड्याळाचा मनोरा, तिथे मागे काळा ढग आणि समोरून तिरपं ऊन असेल तरच मजा. तसं वर्षातून चार-दोनदा होतं. मला एकदा मिळालं, पण समोर लग्नाचा मंडप होता.

– लोकमान्य नगर

जाम गेट, महूच्या पुढे घाटमाथ्यावरचा जुना दरवाजा. खालच्या निमाडाकडून ढग वर चढून आले, दोन तास काही दिसलं नाही. कॅमेरा बॅगेत टाकून भुट्टा घेतला. लिंबू-मीठ चोळेपर्यंत पडदा फाटला, खालची दरी, शेतं, सगळं लख्ख. भुट्टेवाला म्हणाला, "भिया, फोटू ले लो!" बॅगेची चेन अडकली. चेन सुटली तेव्हा परत पांढरं.

– वैशाली नगर

मी महूचा. एक कडू गोष्ट सांगू द्या. जुलै 2011 मध्ये पाताळपाणीच्या वर पात्रात उभी असलेली माणसं लोंढ्यात वाहून गेली, ते सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलं आहे. पाऊस डोक्यावर नसतो, वरच्या गावात पडलेला असतो. पाणी गढूळ झालं, काड्याकचरा यायला लागला की ट्रायपॉड सोडून द्या आणि वर या. रुळांत उभं राहून फोटो काढणाऱ्यांनाही हेच. धबधब्याच्या आवाजात गाडीची शिट्टी ऐकू येत नाही, आणि तो गुन्हा आहे तो वेगळाच.

– महू

माझं थोडक्यात. चोरलच्या वाटेवर कॅमेरा भिजला. कुणीतरी सांगितलं, तांदळात ठेव. आईच्या डब्यात खुपसला, आणि तोही लेन्स काढून! ओल गेली की नाही देव जाणे, तांदळाची भुकटी मात्र आत गेली. दुरुस्तीवाल्याने बरीचशी काढली. एक कण राहिला आहे, वर डावीकडे, अ‍ॅपर्चर लहान केलं की हटकून दिसतो. निळ्या आभाळात डाग म्हणून कळतो. ढगाळ असलं की घार म्हणून खपतो.

– नारायण बाग