चिंगीचं झबलं

*मंगळवार*

ए ३०४ : उशिरा मेसेज करतेय, सॉरी. पार्किंगमधल्या चिंगी मांजरीचं आज पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून आणलं. दारू प्यायल्यासारखी चालतेय, मागचे पाय फाकतायत. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा आलाय. घाबरायचं का?

सी २०१ ताई : नाही गं, भुलीचा अंमल आहे. सकाळपर्यंत उतरेल. कुठे ठेवलीयेस?

ए ३०४ : माझ्या बेडवर.

सी २०१ ताई : आधी खाली घे! भुलीत उडी मारायला जातात आणि आपटतात. बाथरूम चालेल, खाली जुनी चादर, दिवा बंद, पंखा बंद. भुलीत अंग गार पडतं त्यांचं. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेव, अंगाला चिकटवून नको. आणि शुद्धीवर आल्याशिवाय खायला नाही, घशात अडकतं.

सेक्रेटरी : हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. नम्र विनंती.

डी ४०२ : साहेब, मागच्या पावसाळ्यात तिची पिल्लं तुमच्याच गाडीच्या बॉनेटखालून काढली होती. आता होणार नाहीत. हेही सोसायटीचंच काम 😄

बी १०२ काका : जखमेवर हळद आणि खोबरेल तेल लावा. दोन दिवसांत खपली धरते.

सी २०१ ताई : काका, नको. ती लगेच चाटणार, आणि चाटून टाका सुटला की परत भूल, परत ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर काहीच लावायचं नाही. डेटॉल तर मुळीच नाही, मांजराला विषारी असतं.

बी १०२ काका : बरं. पण दुखत असेल बिचारीला. अर्धी क्रोसिन दुधातून?

सी २०१ ताई : काका, नाही!!! पाचशेच्या अर्ध्या गोळीने मांजर मरू शकतं. माणसाचं यकृत ते औषध निकामी करतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, धाप लागते, तोंड सुजतं. कॉम्बिफ्लाम वगैरेही नाही. ३०४, डॉक्टरांनी थेंब दिलेत ना? वजनावर काढून दिलेले असतात, तेवढेच द्यायचे.

बी १०२ काका : बाप रे. आमच्या मनीला मी...

बी १०२ काका : जाऊ दे. लहानपणीची गोष्ट. कुणाला माहीत होतं तेव्हा.

*बुधवार*

ए ३०४ : शुद्धीत आहे, पण वॉशिंग मशीनमागे जाऊन बसलीये. कालपासून फक्त चमचाभर खाल्लं. शू मात्र केली.

सी २०१ ताई : शू केली ना, बरं झालं. रेतीऐवजी रद्दीच्या पट्ट्या ठेव, रेती टाक्यांना चिकटते. लपणं म्हणजेच दुखणं. ही जात ओरडत नाही, कोपरा धरते. ओढून काढू नकोस. पण २४ तास पोटात काही नाही गेलं तर डॉक्टरांना फोन कर, वाट बघू नको. मांजराला उपास झेपत नाही, यकृतावर चरबी चढते.

बी १०२ काकू : बांगडा उकडून दे. बिनमिठाचा, काटे काढून, कोमट. वासाने येईल. मसाल्याचा हात लावू नकोस.

ए ३०४ : काकू!! आली!! अर्धा बांगडा संपवला 😭

*गुरुवार*

ए ३०४ : गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन तिने पंजाने काढून टाकला. दोनदा. घातला की उलटी चालते आणि कपाटाला धडकते.

सी २०१ ताई : तो नाही तर दुसरं काही तरी घालावंच लागेल. टाके निघेपर्यंत जीभ तिथे पोचता कामा नये.

बी १०२ काकू : नातीची जुनी लेगिंग आहे. एक पाय कापून चार भोकं पाडते. बाळंतिणीच्या घरात झबली शिवलीत मी, मांजराचं काय अवघड! शेपटीखाली मोकळं ठेवते.

ए ३०४ : 📷 घातल्या घातल्या आडवी झाली. पाय हलवत नाहीये!

सी २०१ ताई : नाटक आहे. कपडा घातला की त्यांना वाटतं चालताच येत नाही. तासाभरात उठेल. रोज दोनदा झबलं वर करून टाके बघायचे.

डी ४०२ : गुलाबी रंग छान दिसतोय. लग्न ठरवायचं का?

डी ४०२ : सॉरी, आता उपयोग नाही.

*शनिवार*

ए ३०४ : टाक्यांखाली सुपारीएवढी गाठ लागतेय. फोटो डॉक्टरांना पाठवलाय, तोवर इथे विचारते.

सी २०१ ताई : मऊ की कडक? गरम लागतेय? पू, वास, रक्त?

ए ३०४ : कडक. गरम नाही, बाकी काही नाही. काल खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारली होती.

सी २०१ ताई : म्हणूनच. आतले टाके विरघळतात तिथे अशी गाठ येते, उड्या मारल्या की वाढते. कट्ट्यावर कुंड्या ठेव. डॉक्टर म्हणतील ते शेवटचं.

ए ३०४ : डॉक्टर हेच म्हणाले. वाढली, ओली झाली किंवा खाणं बंद केलं तर लगेच आणा म्हणाले.

*बारावा दिवस*

ए ३०४ : टाके निघाले. डॉक्टरांनी झबलं कुठून घेतलं विचारलं. संध्याकाळी खाली सोडते. काकू, झबलं धुऊन आणून देते.

बी १०२ काकू : राहू दे, अजून दोन शिवलीत. मागच्या गल्लीतल्या करडीला न्यायचं म्हणतायत हे. कालपासून डॉक्टरांचा नंबर शोधतायत.

सेक्रेटरी : 📷 माझ्या बॉनेटवर बसली आहे. ही उडी आता चालते का, की खाली उतरवू?

सी २०१ ताई : चालते. इंजिन गरम असेल तर तिथून हलणार नाही.

सेक्रेटरी : मला ८ वाजता निघायचं आहे.