सनद ठेवून घरून वकिली – कोणाला जमलीय का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वकील. सनद (वकिलीचा परवाना) २०१३ ची. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात साडेनऊ वर्षं दिवाणी बाजू केली. वाटपाचे दावे, निशाणी ५ चे (तात्पुरत्या मनाईचे) अर्ज, भाडेकरूंची भांडणं. मग नवऱ्याला लोट्याला एमआयडीसीत नोकरी मिळाली आणि आम्ही चिपळूणला आलो. त्यातच सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. आता मला सलग तीन तासांच्या वर घराबाहेर राहता येत नाही.

इथल्या कोर्टात सुरुवात करून पाहिली. साडेदहाला जाऊन बसायचं, पुकारा कधी होईल ते सांगता येत नाही, आणि दुपारी तीनला कळतं की पुढची तारीख पडली. दोन महिन्यांत सोडून दिलं. पुण्याच्या फाइली सिनिअरांकडे परत गेल्या. दुसरा वकील लावायला पक्षकारांना मीच ‘ना हरकत’ लिहून दिली. त्या दिवशी काय वाटलं ते लिहीत नाही.

नोकऱ्यांच्या साइटवर ‘रिमोट लॉयर’ टाकलं की तीन प्रकार दिसतात. एक, कंपनीची पूर्णवेळ नोकरी. म्हणजे सनद गुंडाळून ठेवायची. दोन, ‘अटर्नी’ पाहिजे, पण अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याचं लायसन्स हवं. तीन, आधी ४,९९९ रुपये ट्रेनिंगचे भरा, मग घरबसल्या काम देतो. तिसऱ्याला मी जवळजवळ पैसे भरलेच होते, नवऱ्याने अडवलं.

सनद न सोडता घरून कायद्याचं काम करून महिन्याला पंचवीस-तीस हजार कोणी मिळवतंय का? काम कुठून आलं? आणि हे नियमात बसतं का?

---

काळा_कोट

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कोर्टात उभं न राहता वकिली म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणं. उलटतपास कॅमेऱ्यातून नीट घेता येत नाही. साक्षीदार कोणाकडे बघून उत्तर देतोय हे खोलीत उभं राहिल्यावरच कळतं.

पण एक आहे. ऑगस्ट २०२५ पासून आमच्या कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय आणि रत्नागिरी जिल्हा त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्या उच्च न्यायालयांना बजावलंय की कोणाला व्हिडिओवरून हजर व्हायचं असेल तर नाकारू नका. तेव्हा अपिलं, रिट अशी साक्षीपुरावा नसलेली कामं घरून चालवता येतील. कुंभार्ली घाट दर तारखेला चढायला नको. महारेरा (बिल्डरांविरुद्धच्या तक्रारींचं प्राधिकरण) आणि ग्राहक आयोगाचंही बरंचसं व्हिडिओवर चालतं. तालुका कोर्टाचं मात्र न्यायाधीशांच्या मर्जीवर.

---

तळ्याकाठची

वाशिष्ठीकाठ, मी सावंतवाडीहून. मोती तलावापासून चालत पाच मिनिटं, म्हणून हे नाव. अकरा वर्षं कुडाळ आणि ओरोसच्या कोर्टांत होते, गेली सहा वर्षं घरून. सनद चालू आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी नियमाचं, कारण तिथेच लोक फसतात. बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमांतला ४९ वा नियम सांगतो की वकिली करणाऱ्याने कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. केली तर राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं आणि तेवढा काळ वकिली थांबवायची. घरून की ऑफिसातून, हा प्रश्न त्यात नाहीच. घरी बसून पगार घेतला तरी ती नोकरीच. म्हणून जाहिरातीत ‘रिमोट’ शब्दाकडे बघू नका, करारनाम्यात बघा. पीएफ, रजा, ठरलेले तास, नोटीस पिरियड असं सगळं दिसलं की ती नोकरी, नाव ‘कन्सल्टंट’ असलं तरी. कामागणिक बिल आणि दुसऱ्यांची कामं घ्यायला मोकळीक असेल तर ती फी. मी फक्त दुसरी घेते. माझी एक मैत्रीण पहिलीत गेली, रीतसर सनद स्थगित करून. सुखात आहे. तिच्यात काही कमीपणा नाही, फक्त दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका.

आता काम. मीही तुमच्यासारखीच आधी साइटी धुंडाळल्या. तिथून आजवर एकच काम मिळालं आणि त्याचे पैसे सात महिने लटकले. नाव घेत नाही. चाळीस तास करार वाचले होते त्यांचे. तेव्हापासून अर्धी फी आधी.

खरं पहिलं काम लॉ कॉलेजच्या बाकावरून आलं. वर्गातला एक जण बंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत कायदा विभाग सांभाळतो. त्याने चौदा पानांचा व्हेंडर करार पाठवला, म्हणाला, दोन तासांत रेडलाइन करून दे, म्हणजे मसुद्यातच बदल दाखवून. मी अख्खा करार नव्याने लिहून काढला. प्रत्येक परिच्छेदाला ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’चा इंग्रजी अवतार. त्याने फोन केला आणि हसत सुटला. म्हणाला, ‘अगं, दावा दाखल नाही करायचाय! मला तीनच जागा सांग, जिथे आपण मरू.’

ते वाक्य मी टेबलासमोर चिकटवलंय. कोर्टात आपण सगळं मांडतो, एखादा मुद्दा सुटला तर अपिलात उगाळतील या भीतीने. कराराच्या कामात उलट. नुकसानभरपाईची मर्यादा किती, ती कशाला लागू नाही, करार कोणाला कधी मोडता येतो, वाद कुठे चालेल, एवढं नेमकं पाहायचं. आणि बाजूला टिप्पणीत लिहायचं की हे का बदललं आणि समोरचा अडला तर कुठवर मागे यायचं. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय) चालू ठेवून काम करायची सवय लावा. मला ती लागेपर्यंत तीन महिने गेले.

आपली कोर्टातली वर्षं वाया जात नाहीत, हे मात्र नक्की. एका अमेरिकन कंपनीचा साचा आला होता, पुण्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही, असा क्लॉज. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे तो टिकत नाही हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. त्यांच्या टीममध्ये कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांदा, महाराष्ट्रात १०० चा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा झालाय हे बंगळुरूच्या लोकांना माहीत नव्हतं. ते १०० च्याच कागदावर सह्या घेत होते. या दोन गोष्टींनी मला जेवढं काम मिळवून दिलं तेवढं कुठल्या सर्टिफिकेट कोर्सने दिलं नाही. (कोर्स केले मी. दोन. भिंतीवर छान दिसतात.)

सुरुवात तासाला ९०० ने केली, आता १,८०० घेते. महिन्याला तीस-पस्तीस तास कराराचे, त्याहून जास्त घ्यायची इच्छा नाही. डोळे दुखतात.

पण तुम्हाला मी करारांपासून सुरुवात करा असं म्हणणारच नाही. तुम्ही दिवाणी बाजूच्या, आणि बसलाय कोकणात! सर्च रिपोर्ट करा, म्हणजे जमिनीची मालकी निर्वेध आहे का ते जुन्या नोंदींतून शोधून लिहून द्यायचं. मुंबई-पुण्याचे लोक इथे प्लॉट घेत सुटलेत आणि त्यांच्या तिकडच्या वकिलांना इथला सातबारा वाचता येत नाही. सामाईक खात्यावर सतरा नावं, त्यातली सहा मुंबईला, दोन वारलेली, वारस नोंद नाही. खोती (खोतामार्फत गावचा सारा गोळा करायची जुनी पद्धत) १९४९ च्या कायद्याने गेली, तरी तिची सावली जुन्या फेरफारांत, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींत, अजून सापडते. ३२-ग ची (कुळकायद्याने कुळाला मिळालेली) जमीन असेल तर विक्रीवर कलम ४३ ची अट आहे का, घेणारा शेतकरी आहे का, हे न बघता लोक बयाणा देऊन मोकळे होतात. वाटपाचे दावे साडेनऊ वर्षं चालवलेल्या बाईने हे कागद वाचायचे नाहीत तर कोणी?

यातलं निम्मंअधिक घरून होतं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, फेरफारही. नोंदणी विभागाच्या साइटवर सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधता येते. मात्र तीस वर्षांचा सर्च म्हणजे नोंदणी संगणकावर येण्याच्याही आधीचं बघावं लागतं, त्याला दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन चोपडे उलटायचे. तुमच्या तीन तासांत बसतं ते. शिवाय तुमच्याकडे २०२१ च्या पुरात किती घरांतली खरेदीखतं चिखलात गेली असतील! प्रमाणित नकला काढून फाइल पुन्हा उभी करून देणं हेही काम आहे, आणि लोक त्याचे पैसे आनंदाने देतात.

पुण्यातल्या ओळखीच्या वकिलांना दहा फोन करा. पक्षकारांना नाही, वकिलांना. नियम ३६ मुळे आपल्याला जाहिरात करता येत नाही. स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, पात्रता, कामाचं क्षेत्र इतपत चालतं. वकील पुरवणाऱ्या पोर्टलांच्या तर वाटेलाच जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यावरूनच बार कौन्सिलला कारवाई करायला सांगितलंय. शिवाय वकील नसलेल्याशी फीची वाटणी करायला मनाई आहे आणि पोर्टल टक्का कापतंच.

आणि इन्व्हर्टर घ्या. कोकणातल्या जुलैत वीज गेली की व्हिडिओवरच्या न्यायाधीशांना आपला चेहरा अर्ध्या वाक्यात गोठलेला दिसतो. माझा दिसला आहे.

---

हडसनपल्याड

‘अटर्नी’बद्दल मी सांगतो. पुण्याचा एलएलबी, इथे येऊन एलएलएम, मग न्यूयॉर्कची बार परीक्षा. राहतो न्यू जर्सीत.

इथली सनद देशाची नसते, राज्याची असते. त्यामुळे घरून काम करताना प्रश्न असा पडतो की घर एका राज्यात आणि सनद दुसऱ्या राज्याची, चालेल का? अमेरिकन बार असोसिएशनने डिसेंबर २०२० मध्ये मत दिलं (क्रमांक ४९५) की स्थानिक कायद्याची मनाई नसेल तर चालेल, फक्त जिथे राहता तिथले वकील असल्याचा आव आणू नका. न्यूयॉर्कचं आणखी वेगळं. बाहेरच्या राज्यात राहणाऱ्या वकिलाचं तिथे कार्यालय असलं पाहिजे, असं त्यांच्या कायद्याचं कलम ४७० म्हणतं.

माझी पहिली तीन वर्षं घरून डॉक्युमेंट रिव्ह्यूत गेली. मोठ्या खटल्यात समोरच्याला द्यायच्या लाखो ईमेल असतात. एकेक उघडायची, संबंधित की असंबंधित, गोपनीय की नाही, असे शिक्के मारायचे. तासावर पैसे. प्रकल्प शुक्रवारी संपला की सोमवारी हातात काही नाही, आजारपणाची रजा नाही. कायदा शिकल्याचा उपयोग मला दिवसातून दोनदा होत असेल.

चिपळूणहून ही कामं थेट मिळणार नाहीत. पण हेच काम भारतातल्या कंपन्या तिथल्या वकिलांकडून, इथल्या वकिलांच्या देखरेखीखाली करून घेतात. ते बहुतेक नोकरीच्या स्वरूपात असतं, म्हणजे तळ्याकाठची यांचा ४९ वा नियम आलाच. इथली बार परीक्षाच द्यायची असेल तर कॅलिफोर्निया परदेशी वकिलाला पुन्हा पदवी न घेता बसू देतं. पण चिपळुणात बसून तो खर्च करू नये, असं माझं मत.

---

कोरा_गाऊन

मध्येच विचारतो. मी २०२५ चा एलएलबी, नांदेड. घरून करारांचं काम करत जेएमएफसीचा (दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी परीक्षेचा) अभ्यास केला तर?

---

तळ्याकाठची

दादा, नको. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा लागू झालीय आणि तिचा दाखला द्यावा लागतो. घरी बसून रेडलाइन केलेल्याचा दाखला कोण देणार? आधी कोर्टात जा. काळा_कोट रागावतात, पण तुमच्या बाबतीत त्यांचंच खरं आहे.

---

काळा_कोट

मी रागावत नाही. आवाजच तसा आहे.

---

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. तळ्याकाठची ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

काल पुण्यात सात फोन केले. सहा जणांनी ‘बघतो’ म्हटलं. सातव्या माझ्या जुन्या सिनिअर मॅडम. त्यांच्या एका पक्षकाराला गुहागरच्या बाजूला पावणेदोन एकर घ्यायची आहे, सर्च त्या मलाच देतायत. सातबारा रात्रीच काढला. खातेदार एकवीस, इतर हक्कात कुळाचं नाव.

मंगळवारी निबंधक कार्यालयात जातेय. शेजारच्या काकू अकरा ते दोन सासूबाईंजवळ बसणार आहेत. ताई, पावणेदोन एकर, एकवीस नावं, तीस वर्षं, याची फी किती सांगू?

---

तळ्याकाठची

आधी कुळाचा फेरफार काढून वाचा, मग आकडा सांगा. आणि जो मनात येईल त्यात दोन हजार मिळवा. मॅडम घासाघीस करणारच.