विषय: पॅरामॅटाचा ‘नाही’

गुरुवार, १६ नोव्हेंबर २०१७

नमस्कार मंडळी,

समलिंगी लग्नावरच्या टपाली मतचाचणीचा कालचा निकाल पाहिलात ना? ऑस्ट्रेलियाभरात ६१.६ टक्के ‘हो’, आणि पश्चिम सिडनीतल्या आपल्या पॅरामॅटा मतदारसंघात ६१.६ टक्के ‘नाही’. ऑफिसात सकाळपासून पश्चिम सिडनीवाल्यांना मागासलेले ठरवणं चाललं आहे. मीही ‘नाही’वरच खूण केली, लपवत नाही. कुणाचा द्वेष म्हणून नव्हे. उद्या शाळेत नातवंडांना काय शिकवतील, ही काळजी होती. मंडळाने या विषयात पडू नये, एवढीच विनंती.

एक जुना सभासद, वेस्टमीड

---

काका, नमस्कार.

तुम्हाला मागासलेलं म्हणणाऱ्यांशी माझंही भांडण आहे. पण शाळेचं आलं कुठून? टपालाने आलेल्या फॉर्मवर एकच प्रश्न होता: समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून कायदा बदलावा का? शाळा त्यात घुसवली ती ‘नाही’ची मोहीम चालवणाऱ्या ‘कोअलिशन फॉर मॅरेज’ने. ऐन गणपतीत त्यांची टीव्हीवरची पहिली जाहिरात आली. तीन आया, त्यातली एक सांगते, शाळेने माझ्या मुलाला वाटलं तर पुढच्या वर्षी मुलींचा ड्रेस घालून ये म्हणून सांगितलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी असं काही झाल्याचं साफ नाकारलं. आणि झालं असतं असं धरलं, तरी ते जुन्याच कायद्याच्या राज्यात ना? मग लग्नाचा कायदा तसाच ठेवून ते थांबणार कसं?

लग्नावर वाद घातला तर हरू, हे त्यांना कळत होतं. जनमत चाचण्यांत ‘हो’ कित्येक वर्षं पुढे होता. म्हणून आई-बापांच्या काळजीला हात घातला. सिडनीच्या अँग्लिकन चर्चच्या डायोसीसने (धर्मप्रांताने) या मोहिमेला दहा लाख डॉलर दिले. ‘हो’वाले मात्र आपल्या वस्त्यांत फारसे फिरकलेच नाहीत, याचा मला राग आहे. माजी पंतप्रधान टोनी ॲबट ‘नाही’साठी एवढे झटले, पण त्यांच्याच वॉरिंगा मतदारसंघात ७५ टक्के ‘हो’ पडला. इकडे पश्चिम सिडनीतल्या ब्लॅक्सलँडमध्ये जवळजवळ ७४ टक्के ‘नाही’.

गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता त्या जाहिरातीचा व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर जात होता. शेजारी आपलीच कॉलेजातली मुलं उभी होती. त्यांच्यातलं कुणी गे असेल, तर आपल्या काका-मावश्या त्यावर काय बोलल्या ते त्याने ऐकलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

---

ताई,

मुख्याध्यापकांचं मला माहीत नव्हतं. तरी लग्न स्त्री-पुरुषांचंच, हे माझं मत कायम आहे. आता एक सांगा, आपल्या गुरुजींवर अशी लग्नं लावायची सक्ती होणार का?

---

काका, नाही. सिनेटर डीन स्मिथ यांनी कालच सिनेटमध्ये लग्नाचा कायदा बदलणारं विधेयक मांडलं आहे. त्यात धर्मगुरूंना नकार द्यायची पूर्ण मुभा आहे. गुरुजींनी निश्चिंत राहावं.

कार्यकारिणीला मात्र माझी विनंती आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाचं कुटुंब-तिकीट दोन मुलग्यांच्या किंवा दोन मुलींच्या जोडप्यालाही मिळेल, हे आमंत्रणातच स्पष्ट लिहा. दारात उभं राहून कुणाला विचारावं लागू नये.