अनुभव धागा : प्लास्टरमधले मूल आणि गाडीतली मुलांची कार सीट

लहान मुलाच्या मांडीचे हाड मोडले, तर अनेकदा छातीच्या खालपासून पावलापर्यंत प्लास्टर घालतात. त्याला डॉक्टर हिप स्पायका म्हणतात. हाड कसे सांधेल, प्लास्टर किती आठवडे ठेवायचे, हे सारे रुग्णालयात नीट समजावले जाते. परंतु दोन्ही पाय फाकलेल्या आणि कमरेत अजिबात न वाकणाऱ्या मुलाला घरी न्यायचे कसे, हा प्रश्न बहुधा डिस्चार्जचे कागद हातात पडल्यावरच समोर येतो. माझ्या भाच्याच्या वेळी पुण्यात आम्ही तो थोडा आधी विचारला, म्हणून निभावले. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे. हात, पाय, खांदा, कोणतीही दुखापत चालेल.

दोन विनंत्या आहेत. औषधांची मात्रा कृपया सुचवू नये. आणि ‘आम्ही मांडीवर घेऊन आलो, काही झाले नाही’ एवढाच अनुभव असेल, तर तो लिहू नये. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येकाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट झटका बसतो. प्लास्टरसह १५ किलो भरणारे मूल त्या क्षणी ३०० किलोंचे होते, आणि तेवढे वजन कोणत्याही आईच्या किंवा मामाच्या हातांत राहत नाही.

एक आई, न्यू जर्सी

आमच्या मुलीच्या खुब्याचा सांधा जन्मापासूनच खोबणीबाहेर होता. ती वर्षाची होण्याआधी भूल देऊन तो बसवला आणि स्पायका घातला, जो मध्ये एकदा बदलून एकूण सुमारे १२ आठवडे राहिला. शस्त्रक्रियेची तारीख ठरली त्याच भेटीत तिथल्या थेरपिस्टने आमची गाडी कोणती आणि सीट कोणती, हे विचारून घेतले होते. आमच्या सीटच्या दोन्ही बाजू उंच होत्या, त्यामुळे फाकलेल्या मांड्या त्यात बसल्याच नसत्या. रुग्णालयाने बाजू बुटक्या आणि बैठक रुंद असलेली सीट उसनी दिली, ती गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवली, आणि घरी सोडण्यापूर्वी मुलीला प्रत्यक्ष तिच्यात ठेवून पट्टे तपासले. पाठीखाली आधार किती आणि कुठे द्यायचा, हेही त्यांनीच ठरवले. सीट बनवणाऱ्यांनी परवानगी दिलेली नसताना आपण आपल्या मनाने पाठीमागे किंवा पट्ट्यांखाली उशी, दुपटे, गादी घातली, तर धडकेच्या वेळी ते दबते आणि पट्टे सैल पडतात, असे त्यांनी बजावून सांगितले.

आमच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा मोठा होता आणि त्याला बसताच येत नव्हते. अशा मुलांसाठी अमेरिकेत ईझी-ऑन नावाचे एक जाकीट मिळते. ते घालून मुलाला मागच्या आसनावर आडवे निजवतात आणि गाडीच्या पट्ट्यांनी बांधतात. भारतात ते सहज मिळेल, असे मला वाटत नाही.

मुलांच्या अस्थिरोग विभागातील परिचारिका, नाशिक

मिळत नाही, हेच खरे. म्हणून आमच्याकडे स्पायका घातलेले मूल कार सीटमध्ये सुरक्षित बसत नसेल, तर आम्ही रुग्णवाहिकेचा आग्रह धरतो, आणि तिच्यातही मुलाला स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधायला सांगतो. मागच्या आसनावर नुसते निजवून, शेजारी आत्याला बसवून नेणे याला मी सोय म्हणणार नाही. नातेवाईक खर्चाचे कारण देतात आणि ते मला कळते, पण डॉक्टरांना आधी सांगितले तर पुष्कळदा मार्ग निघतो. पायांमधला कोन किती ठेवायचा हे हाडावर अवलंबून असते, तरीही ‘मुलाला गाडीने न्यायचे आहे, सीट घेऊन आलो आहोत’ हे वाक्य प्लास्टर घालण्यापूर्वी कानावर पडलेले बरे.

मूल उचलताना दोन पायांमधल्या दांडीला धरू नये. ती पाय स्थिर ठेवण्यासाठी असते, मुठीसाठी नव्हे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे प्लास्टर पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात, आणि तोवर सीटची कड एकाच जागी रुतली तर तिथे खळगा पडून आत त्वचेवर दाब येतो. निघण्यापूर्वी पोटभर जेवण देऊ नये, कारण पोटावरचे प्लास्टर फुगत नाही आणि उलटी झाली तर मुलाला पटकन कुशीवर वळता येत नाही. त्यासाठीच एक मोठे माणूस शेजारी हवे. लहान डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचावा आणि त्यावरून मोठा बांधावा.

वाटेत थांबाल तेव्हा पायाची बोटे पाहावीत. नखावर दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटे निळी, पांढरी किंवा गार पडली, मूल ती हलवेनासे झाले, किंवा औषध देऊनही वेदना वाढतच गेल्या, तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता वाटेतले पहिले रुग्णालय गाठावे.

एक आजोबा, साखरपा

माझी नात सात वर्षांची आहे. झोपाळ्यावरून पडून तिच्या डाव्या कोपराच्या वरचे हाड मोडले, त्यात तारा घातल्या आणि कच्चे प्लास्टर केले. तपासणीसाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला जावे लागे. ती बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर, बसते आणि गाडीचाच पट्टा लावते. आम्ही तिला मुद्दाम मागे उजव्या बाजूस बसवत होतो, कारण तिथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि डावा खांदा मोकळा राहतो. प्लास्टरचा हात पट्ट्याच्या वर घ्यायचा, पट्टा प्लास्टरवरून न्यायचा नाही आणि काखेखालूनही नाही. हात खाली लोंबला की बोटे सुजतात, म्हणून मांडीवर हलकी उशी ठेवून तो छातीच्या उंचीला टेकवत असू. उजवे दार रहदारीच्या अंगाला उघडते, तेव्हा उतरवताना मी नेहमी डावीकडूनच घेतले. सूनबाईंनी डॉक्टरांना विचारून वेदनेचे औषध निघण्याच्या अर्धा तास आधी देण्याची पद्धत ठेवली होती. घाटातल्या वळणांवर त्याचा फार उपयोग झाला.

एक वडील, ठाणे

चार वर्षांच्या मुलाचे कॉलरबोन मोडले होते. पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये एक पट्टा नेमका तिथूनच जातो. तो एकच पट्टा काढून ठेवता येत नाही, सीटचा सारा जोर मग दुसऱ्या खांद्यावर येतो. डॉक्टरांनी सुरुवातीचे दिवस प्रवासच टाळायला सांगितले, आम्ही टाळला.

एक आई, डॅलस

आमचा अपघात गाडीतलाच होता, मुलीच्या नडगीचे हाड मोडले. अशा अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नसते, वरून धड दिसत असली तरी. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाचा नियम असा की गाडी स्वतः चालत गेली, सीटजवळचे दार शाबूत राहिले, कोणालाही इजा झाली नाही, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि सीटवर तडा दिसत नाही, या पाचही गोष्टी जुळल्या तरच ती ठेवावी. आम्ही जुनीचे पट्टे कापून मगच ती टाकली, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊ नये. भारतात ओळखीतून जुनी सीट घेणाऱ्यांनी हे आधी विचारावे. लांब प्लास्टरचा पाय समोरच्या आसनाला टेकू नये म्हणून पुढचे आसन रिकामे ठेवून पूर्ण पुढे सरकवले होते.

धागाकर्ती, पुणे

काही जणांनी कायद्याविषयी विचारले आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालसीटने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंड आहे.

परिचारिका, नाशिक

एक राहिले. प्लास्टर कापायला याल तेव्हाही सीट बरोबर आणावी. येताना प्लास्टरच्या मापाने लावलेले पट्टे परतीला सैल पडतात, म्हणून ते पुन्हा ओढून घ्यावेत, खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट पकडता येणार नाही इतके. पाय मात्र त्या दिवशी ताठच असतो. गुडघा सीटच्या आकाराप्रमाणे लगेच वाकवायला जाऊ नये.