नाताळच्या कुकीज: कापलेले आकार ओव्हनमध्ये पसरतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

या नाताळला मित्रमंडळींना आणि शेजाऱ्यांना घरी भाजलेल्या कुकीजचे डबे द्यायचं मनात आहे. तारे, घंटा, ख्रिसमसचं झाड असे आकार आणि त्यावर पांढऱ्या आयसिंगची बारीक नक्षी. सरावासाठी एक बॅच भाजली. चव छान होती, पण आकार पार गेले. ताऱ्यांची टोकं बोथट होऊन ते जवळजवळ गोल झाले, आणि झाडाचा बुंधा तर ओळखूच येईना. कटरने कापताना कडा अगदी स्वच्छ होत्या, म्हणजे जे काही बिघडतं ते ओव्हनमध्येच.

काही घरांत अंडं चालत नाही, त्यामुळे सगळ्याच कुकीज आणि आयसिंगही बिनअंड्याचं हवं आहे. एका घरातल्या लहान मुलाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे. माझा ओव्हन लहान आहे, एका वेळी एकच ट्रे बसतो. डबे २४ तारखेला संध्याकाळी द्यायचे आहेत आणि आदल्या दिवशी सगळं अंगावर यायला नको आहे. किती दिवस आधी काय करून ठेवता येईल, तेही सांगा. मुलं फार आशेने वाट बघताहेत आणि हे डबे मला मनापासून चांगले द्यायचे आहेत.

प्रतिसाद

कृती आणि प्रमाण दिलंत तर नेमकं सांगता येईल. बटर कितपत मऊ होतं? आणि कापल्यावर ट्रे लगेच ओव्हनमध्ये गेला की आधी फ्रिजमध्ये ठेवला होता?

धागाकर्ती

प्रमाण असं: २०० ग्रॅम बटर, १ कप साखर, अडीच कप मैदा, १ टीस्पून बेकिंग पावडर, थोडं दूध आणि व्हॅनिला. बटर आणि साखर बीटरने अगदी हलकी, पांढरी होईपर्यंत फेटली, कृतीत तसंच लिहिलं होतं. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला, मग लाटून कापला आणि लगेच भाजला. ओव्हन १८० अंशांवर.

प्रतिसाद

उत्तर बरंचसं तुमच्या प्रमाणातच आहे. एक कप साखर म्हणजे २०० ग्रॅम आणि अडीच कप मैदा म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. म्हणजे बटरइतकीच साखर झाली. साखर भाजताना वितळून पातळ होते आणि पिठाला पसरायला मदत करते. चमच्याने ट्रेवर टाकून भाजायच्या कुकीजना हे चालतं, उलट हवंच असतं. कापायच्या कुकीजना नाही.

कापून करायच्या कुकीजचं एक जुनं, भरवशाचं प्रमाण आहे: वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. तुमच्या २०० ग्रॅम बटरला १०० ग्रॅम पिठीसाखर आणि ३०० ग्रॅम मैदा. चिमूटभर मीठ, व्हॅनिला, बस. अंडं यात मुळात लागतच नाही, त्यामुळे तुमची ती अट आपोआप पूर्ण होते. लाटताना गोळा फारच भुसभुशीत वाटला तर एखादा चमचा गार दूध घाला, त्याहून जास्त नको. मध्यम कटरने यात ३० ते ४० कुकीज होतात.

बेकिंग पावडर पूर्ण काढून टाका. तिचं काम फुगवण्याचं, आणि फुगलेल्या कुकीच्या कडा कधीच रेखीव राहत नाहीत. फेटणंही कमी करा. बटर आणि साखर एकजीव झाली की थांबायचं. खूप फेटलं की बटरमध्ये हवा भरते, ती ओव्हनमध्ये फुगते आणि नंतर कुकी बसते. केकसाठी ते चांगलं, इथे नाही.

मैदा कपाने मोजू नका, ही माझी कळकळीची विनंती. चमच्याने हलका भरलेला कप १२० ग्रॅमच्या आसपास असतो, पण डब्यात कप बुडवून दाबून भरला तर तोच दीडशेच्या घरात जातो. अडीच कपांत केवढा फरक पडेल बघा. वजनकाटा असला की दर वेळी तीच कुकी होते.

प्रतिसाद

वरच्या प्रमाणाशी पूर्ण सहमत. मी गारव्याबद्दल सांगते, कारण माझ्या मते अर्धी बाजी तिथेच आहे.

गोळा फ्रिजमध्ये ठेवून मग लाटण्यापेक्षा क्रम उलटा करा. पीठ मळलं की लगेच, मऊ असतानाच, दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून ५ मिलिमीटर जाडीला लाटून घ्या. ती पोळी पेपरसकट सपाट ताटावर ठेवून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग कापा. यात तीन फायदे आहेत. कडक गोळ्याशी झुंजावं लागत नाही, वरून मैदा भुरभुरावा लागत नाही म्हणून कुकी कोरडी होत नाही, आणि पातळ पोळी आतपर्यंत सारखी गार होते. अर्धा तास फ्रिजमध्ये राहिलेला गोळा बाहेरून गार लागतो, पण मध्ये मऊच असतो.

कापल्यावर ट्रे पुन्हा दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. ही पायरी कितीही घाई असली तरी सोडू नका. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे हाताच्या उबेनेही ते ढिलं पडतं. गार कुकी ओव्हनमध्ये गेली की बटर पूर्ण वितळायच्या आत कडा भाजून धरायला वेळ मिळतो. मऊ कुकी गेली की बटर आधी वाहतं आणि मैदा नंतर धरतो. तुमच्या ताऱ्यांचं हेच झालं.

एकच ट्रे असल्यामुळे आणखी एक काळजी: पहिली बॅच काढल्यावर त्याच गरम ट्रेवर दुसरी मांडू नका. कुकीज बटर पेपरच्या तुकड्यांवर कापून फ्रीझरमध्ये तयार ठेवा, ट्रे नळाखाली गार करून कोरडा पुसा आणि पेपर अलगद सरकवा. ट्रेला तूप किंवा बटर लावू नका, त्यावरून कुकी घसरते.

प्रतिसाद

ओव्हनच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, विशेषतः लहान ओव्हनवर. बटणावर १८० असतं आणि आत कधी १६५, कधी २००. आत टांगायचा ओव्हन थर्मामीटर घेतलात तर सगळ्याच भाजणाला उपयोग होईल. तो नसेल तर एक घरगुती चाचणी करता येते. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. तापलेल्या ओव्हनमध्ये १८० वर फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर पंधरा मिनिटं ठेवा. वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त गरम आहे. मग १९० वर लावून पुन्हा पाहा. तेव्हाही साखर कोरडीच राहिली तर तो कमी तापतो. अगदी अचूक मोजमाप नव्हे, पण कोणत्या बाजूला चूक आहे ते कळतं.

पंखा चालू असेल तर तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवा. निदान वीस मिनिटं आधी ओव्हन तापवा. कमी तापलेल्या ओव्हनमध्ये कुकी हळूहळू वितळत राहते आणि पसरते, तेव्हा घाईने आत घालू नका.

प्रतिसाद

आयसिंगचं मी सांगते. पारंपरिक रॉयल आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. बाजारातली मेरिंग पावडरही अंड्याच्याच पांढऱ्यापासून केलेली असते, त्यामुळे ती तुमच्यासाठी नाही. पाकिटावर नाव वेगळं दिसतं म्हणून हे आवर्जून सांगते.

बिनअंड्याचे दोन मार्ग आहेत. सोपा म्हणजे आयसिंग शुगर, अगदी थोडं दूध किंवा पाणी आणि चमचाभर लिक्विड ग्लुकोज. याला छान चकाकी येते, पण ते पूर्ण कडक होत नाही, म्हणून एकावर एक रचताना मध्ये बटर पेपर हवाच. दुसरा मार्ग काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचा. ते घट्टसर पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. ते थोडं फेटून त्यात चाळलेली आयसिंग शुगर घालत गेलात की बारीक रेघा काढता येतील असं घट्ट आयसिंग होतं आणि वाळल्यावर कडक बसतं. चण्यांचा वास राहत नाही, फक्त पाण्यात मीठ नको. तुम्हाला नक्षी हवी आहे, तर हेच करा.

आधी घट्ट आयसिंगने कड आखायची, मग त्यातच थेंब थेंब पाणी घालून सैल केलेलं आयसिंग आत भरायचं. किती सैल? चमच्याने सोडलेली रेघ दहा-पंधरा सेकंदांत मिसळून सपाट झाली पाहिजे. रंग जेलचेच घ्या, पाण्यासारखे पातळ रंग आयसिंग सैल करतात. एक रंग पूर्ण वाळल्याशिवाय शेजारी दुसरा भरू नका, नाहीतर लाल पांढऱ्यात उतरतो. भरलेलं आयसिंग वाळायला रात्रभर लागतं. कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय तर हातच लावायचा नाही.

प्रतिसाद

थोडं वेगळं मत मांडते. सगळा डबा कापलेल्या आणि सजवलेल्या कुकीजनीच भरायला हवा का? लहान ओव्हन, एक ट्रे आणि एवढी घरं, यात नक्षीवर फार वेळ जातो. प्रत्येक डब्यात तीन-चार सजवलेल्या ठेवा आणि बाकी जागा साध्या कुकीजना द्या. हेच पीठ थोडं कोको घालून लांब नळीसारखं वळा, पेपरात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि हव्या त्या दिवशी सुरीने चकत्या कापून भाजा. लाटणं नाही, कटर नाही, आणि डब्यात दोन रंग दिसतात.

ऑस्ट्रिया-जर्मनीकडचे व्हॅनिलाकिप्फर्लही बिनअंड्याचे होतात: चंद्रकोरीच्या आकाराचे, बदामाची पूड घातलेले, गरम असतानाच व्हॅनिलाच्या साखरेत घोळवलेले. फार सुंदर लागतात आणि सजवावे लागत नाहीत. पण त्यात बदाम आहेत, तेव्हा त्या ॲलर्जीच्या मुलाचं आधी बघा.

प्रतिसाद

ॲलर्जीबद्दल कृपया फार काळजी घ्या. त्या घराचा डबा सगळ्यात आधी करा, सुकामेवा ओट्यावर यायच्याही आधी. नुसतं सुकामेवा न घालणं पुरेसं नसतं. लाटणं, चाळणी, बीटर, बटर पेपर सगळीकडून कण जाऊ शकतात. चॉकलेट आणि सजावटीच्या गोळ्यांच्या पाकिटावर सुकामेव्याचा अंश असू शकतो असं लिहिलेलं असतं, ते वाचा. तो डबा वेगळा बंद करून त्यावर काय काय घातलं आहे ते लिहा आणि देताना मुलाच्या आईवडिलांशी स्वतः बोला. माझ्या मते व्हॅनिलाकिप्फर्ल या वर्षी राहू दे.

मुलं मदतीला असतील तर कच्चं पीठ चाखू देऊ नका. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, ते भाजल्यावरच मरतात.

धागाकर्ती

किती मनापासून उत्तरं दिलीत सगळ्यांनी! मी किप्फर्ल बाजूला ठेवले, सुकामेवा यंदा पूर्ण बंद.

नवीन प्रमाणाने, आधी लाटून मग गार करून, अर्धी बॅच भाजली. तारे तारेच राहिले! टोकं अगदी टोकदार. पहिला ट्रे बाहेर काढला तेव्हा मुलांनी टाळ्याच वाजवल्या. आता एकच तक्रार आहे. वरून फिकट असतानाच तळ गडद तपकिरी होतो. आणि आधी किती दिवस करायचं, ते अजून कळलेलं नाही.

प्रतिसाद

तुमचा ट्रे काळा आहे का? गडद ट्रे उष्णता जास्त शोषतो आणि तळ लवकर भाजतो. ट्रे मधल्या कप्प्यात, शक्य तर एक कप्पा वर घ्या, आणि त्याखाली दुसरा रिकामा ट्रे ठेवून दुहेरी तळ करा. ओव्हन १७० ला आणा. ५ मिलिमीटर जाडीला दहा ते तेरा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कडा बघा. त्या किंचित सोनेरी झाल्या की बाहेर. त्या वेळी मधला भाग मऊच लागतो, ते बरोबर आहे. पाच मिनिटं ट्रेवर राहू द्या, मग जाळीवर घ्या.

वेळेचं असं करा. पीठ लाटून, कापून, पेपरांच्या थरांत घट्ट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवलं तर दोन-तीन महिने टिकतं, तेव्हा ते काम आजपासूनही सुरू करता येईल. भाजताना वितळवायची गरज नाही, तशाच आत घाला आणि एखाद-दोन मिनिटं जास्त द्या. भाजणं १८ ते २० तारखेत उरका. अशा बटरच्या कुकीज हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस छान राहतात. २१ ला कडा आखून आयसिंग भरा, २२ ला वरची नक्षी, २३ चा पूर्ण दिवस वाळायला. आयसिंग वाळेपर्यंत एकावर एक रचू नका आणि फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, बाहेर काढल्यावर दमट होऊन रंग पसरतात.

डबे भरताना कुरकुरीत आणि मऊ कुकीज एकत्र ठेवू नका. मऊ कुकीतला ओलावा दुसरीत जातो आणि सगळ्याच मऊ पडतात. मऊ प्रकार द्यायचाच असेल तर त्याला वेगळी पिशवी.

धागाकर्ती

हो, ट्रे काळाच आहे. खाली दुसरा ठेवून आत्ता चार कुकीज भाजल्या, तळ वरच्याइतकाच सोनेरी आला. उद्या सकाळी ॲलर्जीवाल्या डब्याचं पीठ आधी मळते, मग बाकीचं. चण्याचं पाणी आजच बाजूला काढून ठेवलं आहे. फ्रिजमध्ये ते किती दिवस राहील?

प्रतिसाद

झाकून तीन-चार दिवस. तुम्हाला २१ ला लागणार आहे, तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझ करा आणि आदल्या रात्री हवे तेवढे खडे बाहेर काढा.